सुपरवायझर सर

मुख्याध्यापक शाळेचे असतात, सुपरवायझर व्हरांड्याचे. दारावर ‘पर्यवेक्षक’ अशी पाटी असते, आत टेबल-खुर्ची असते, पण त्या खुर्चीत बसलेले सुपरवायझर सर पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. तालुक्याच्या गावांतल्या ज्या ज्या शाळांत मी शिकवलं, तिथे तिथे हे गृहस्थ होतेच. आडनावं वेगळी, विषय वेगळे, कोणी गणिताचे तर कोणी भूगोलाचे. चाल मात्र एकच. दोन्ही हात पाठीमागे, मान किंचित पुढे, खिशाला लाल पेन आणि चेहऱ्यावर ‘कुठंतरी काहीतरी चाललंय’ असा कायमचा संशय.

त्यांच्या खोलीत बघण्यासारखं काही असेल तर ते जप्तीचं लोखंडी कपाट. अगदी खालच्या कप्प्यात गोट्या, भोवरे आणि एक गलोल. त्यावर डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची पत्त्यांची कॅटं. त्यावर लेझरचे लाल दिवे, जे विज्ञानाच्या मॅडमच्या पाठीवर नाचता नाचता पकडले गेले. मग ‘तुझा आवडता हिरो कोण’ असल्या प्रश्नांच्या स्लॅमबुकांची चळत, आणि सगळ्यात वर मोबाईल. त्यातले दोन कधीही वाजतात आणि पडद्यावर ‘आई’ असं येतं. तालुक्यातल्या मुलांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास कुणाला लिहायचाच असेल, तर हे कपाट खालून वर वाचत न्यावं. जप्त वस्तू परत मिळण्याचा नियम एकच: ‘वर्षाच्या शेवटी ये.’ वर्षाच्या शेवटी मूल येत नाही, कारण तोवर गोट्यांचा हंगाम सरलेला असतो.

सरांचा दिवस प्रार्थनेपासून सुरू होतो. मुलांनी डोळे मिटून प्रार्थना म्हणायची असते आणि ते कुणी उघडले हे पाहण्यासाठी सरांना स्वतःचे उघडे ठेवावे लागतात. इतक्या वर्षांत एकही प्रार्थना त्यांना डोळे मिटून म्हणता आलेली नाही. प्रार्थना संपली की रांगा वर्गाकडे वळतात आणि सर आपल्या जागी जाऊन उभे राहतात. ही जागा म्हणजे नववी ब आणि दहावी अ यांच्या मधला खांब. तिथून पाच वर्गांच्या खिडक्या दिसतात, पाण्याच्या टाकीचा नळ दिसतो आणि फाटकाबाहेरचा चन्यामन्या बोरंवाला दिसतो. मोठ्या शाळा आता सीसीटीव्ही बसवतात. आमच्याकडे खांब होता, आणि वीज गेली तरी तो चालू असे.

पूर्वी त्यांच्या हातात निरगुडीची फोक असायची. आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ चित्रपटात छडीवर एक गाणं आहे. अत्र्यांनी ते गंमत म्हणून लिहिलं. आमच्या शाळांनी ते अभ्यासक्रम म्हणून घेतलं. पालकही पोराला शाळेत घालताना ‘कातडं तुमचं, हाडं आमची’ असं बजावून जात. मग १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. तारीख पाहून स्टाफरूममध्ये काही जणांना आधी तो एप्रिल फूलच वाटला. कलम १६ म्हणालं, आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही आणि शाळेतून काढायचं नाही. कलम १७ म्हणालं, मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. कायदा योग्यच होता, हे मी स्टाफरूममध्येही बोलत असे. ‘सरांच्या माराने घडलो’ असं सांगणारे लोक सत्कार समारंभात भेटतात. माराच्या धाकानं ज्यांनी शाळाच सोडली, त्यांना सत्काराला कोण बोलावतं?

कायदा आला त्याच दिवशी सरांनी फोक शिपाईमामांच्या स्वाधीन केली. तिच्या टोकाला केरसुणी बांधून मामा आजही छताची जाळी काढतात. खरी अडचण शब्दांची झाली. गाढवा, रेड्या, बैलोबा, ठोंब्या ही सगळी गुरंढोरं एका फटक्यात कलमाखाली आली. आठवडाभर सर मुकेच होते. मग एके दिवशी पाण्याच्या टाकीवर दुसऱ्यांना भिजवणाऱ्या आठवीतल्या पोराला त्यांनी लांबूनच हाक मारली, “या, सज्जना!” त्या ‘सज्जना’त असं काही होतं, की पोरगं जागच्या जागी वाळलं. कलम १७मध्ये ‘सज्जन’ बसत नाही. तेव्हापासून शाळेत कुणी कुणाला ‘सज्जन’ म्हटलं की मारामारी होते.

पण कायद्याशी सरांची खरी गाठ पडली ती वर्णनात्मक नोंदींत. २०१०-११ पासून आमच्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाबद्दल विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक अशा रकान्यांत शिक्षकांनी लिहायचं, आणि लिहायचं ते सकारात्मक. एप्रिलच्या उन्हात पंख्याखाली रजिस्टरं पसरून सगळे वर्गशिक्षक डोकं धरून बसलेले. सातवी कच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “सर, हा पोरगा दुसऱ्याचे डबे खातो. काय लिहू?”

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “समवयस्कांत सहज मिसळतो.”

“आणि हा? हा दर तासाला पाणी प्यायला जातो.”

“आरोग्याबाबत जागरूक आहे.”

“ही थापा मारते, सर. सर्रास.”

“कल्पनाशक्ती उत्तम. गोष्ट रंगवून सांगते.”

“बरं, ह्यानं खिडकीची काच फोडली.”

सर थोडे थबकले. “नेम चांगला होता?”

“दुसऱ्या मजल्यावरची फोडली.”

“मग क्रीडाप्रकारांत विशेष रुची लिहा.”

त्या पोराच्या वडिलांनी प्रगतिपत्रक लॅमिनेट करून दुकानात लावलं. पालकसभेत ते उठून म्हणाले, की पोराला एवढी रुची आहे तर शाळेनं क्रिकेटचं किट घ्यायला हवं. काचेचे पैसे मागायला गेलेले सर किटासाठी ठराव मांडून परत आले.

मधेच एक प्रशिक्षण झालं. तालुक्याच्या सभागृहात एका मार्गदर्शकांनी मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, की मुलांशी मित्रासारखं वागावं. सर शब्दाला जागणारे. दुसऱ्या दिवशी ते नववी बमध्ये शिरले, टेबलाच्या कोपऱ्यावर बसले आणि म्हणाले, “काय बाळांनो, कसे आहात?” वर्ग गार पडला. शेवटच्या बाकावरच्या पोरांनी हळूच शर्ट खोचले. एक मुलगी रडायला लागली. मधल्या सुट्टीत मॉनिटर माझ्याकडे आला आणि दबक्या आवाजात विचारलं, “सर, सुपरवायझर सरांच्या घरी काही झालंय का?” संध्याकाळपर्यंत दोन पालकांचे फोन येऊन गेले. सरांनी मैत्री तिथेच आवरती घेतली आणि वर्गाला ‘हा वर्ग आहे की मासळीबाजार?’ असं विचारलं, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

तपासकामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. इतिहासाच्या तासाला मागून मांजराचा आवाज आला. इतिहासाचे सर ‘कोण तो? उभा राहा!’ असं ओरडले. साठ पोरांतलं कुणी उभं राहत नसतं. सुपरवायझर सर आत आले ते एक चकार शब्द न बोलता. फळ्यापाशी उभे राहिले आणि वर्गभर नुसती नजर फिरवली. सगळा वर्ग हसू दाबत होता. एकच जण अफझलखानाच्या धड्यात डोकं खुपसून होता. सर त्याच्या बाकापाशी गेले आणि त्याचं पुस्तक फक्त सुलटं करून दिलं. बास. नंतर मी विचारलं तर म्हणाले, “ज्यानं विनोद केला, त्याला हसू येत नाही हो. त्याला काळजी असते.”

जेकब कौनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७० साली वर्गातल्या शिस्तीवर एक पुस्तक लिहिलं. वर्गावर्गांत चित्रीकरण करून त्यानं पाहिलं, की शिक्षक दटावतो कसा याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो शिक्षकाला सगळं दिसतंय, हे मुलांना पटलेलं असण्यानं. बी.एड.ला शिकलेलं हे ज्ञान मी सरांना मोठ्या उत्साहानं ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “त्यांच्याकडे खांब असतो का?”

पालकांना घेऊन ये, हे त्यांचं शेवटचं शस्त्र. दहावीतल्या एकानं बसस्टँडवरच्या रिक्षावाल्याला चहा पाजून ‘काका’ म्हणून आणलं. काका तयारीनं आले होते: टोपी, कपाळाला गंध, चेहऱ्यावर पुतण्याची चिंता. सरांनी त्यांना खुर्ची दिली नाही. दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि म्हणाले, “तू आपल्याच शाळेचा ना? दोन हजार चारची बॅच, क तुकडी. तुझा काका तर पानवाला होता.” काकांनी टोपी काढली आणि मुकाट्यानं पुतण्याच्या शेजारी उभे राहिले. दोघांनाही तास संपेपर्यंत सोडलं नाही. बाहेर रिक्षात एक आजी बसून होती, तिला सरांनी मामांकरवी पाणी पाठवलं.

एकाच आघाडीवर त्यांचा पराभव झाला. ती म्हणजे केस. क्रिकेटपटू बदलतात तशी नववीची डोकी बदलतात: कधी कडेला झीरो, कधी वर कोंबडा, कधी भुवईत चीर. सर गावातल्या सलूनवाल्याकडे समक्ष जाऊन म्हणाले, “आमच्या पोरांचे साधे कापत जा.” तो म्हणाला, “सर, साध्याचे साठ, कोंबड्याचे दीडशे. तुम्हीच सांगा, मी काय करू?” अर्थशास्त्रापुढे शिस्त चालत नाही. सर स्वतःचे केस कापून आले.

आता एक गुपित सांगतो. सुपरवायझर सर मुलांसाठी नसतातच. ते आम्हा मास्तरांसाठी असतात. नववी बमध्ये गोंधळ झाला की त्यांना पोरांचा राग येत नसे. तास कुणाचा आहे, हे ते पाहत. नव्या मास्तरानं पाच मिनिटं फळ्याकडे तोंड करून सुवाच्य अक्षरात लिहिलं, की संपलं. तिरकं उभं राहून लिहावं, हे त्यांनी मला खांबापाशी उभं करून शिकवलं. एकानं शिट्टी मारली म्हणून सगळा वर्ग उभा केलात तर एकोणसाठ जण शिट्टीच्या बाजूला जातात, हेही. आणि करता येणार नाही ती धमकी तोंडातून काढू नये, कारण पोरं तीच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात. गैरहजर शिक्षकांचे तास वाटण्याची वही त्यांच्याकडे असे. ती वही बगलेत मारून ते स्टाफरूमकडे निघाले, की संस्कृतच्या बाईंना ग्रंथालयात काम निघे, पी.टी.चे सर मैदान मोजायला जात आणि मी बाथरूममध्ये. खडू संपला म्हणून पोराला खडू आणायला पाठवून तास काढणारे मास्तर त्यांना पाठ होते. मुलांना ते सज्जन म्हणत; आम्हाला काहीच म्हणत नसत. नुसते घड्याळाकडे बघत.

धमकीबद्दलचा नियम त्यांनी स्वतः मात्र एकदा मोडला. दहावीच्या एका उनाडाला म्हणाले, “दाखला हातात देईन.” पोरगा म्हणाला, “द्या ना, सर. हायवेच्या पलीकडची शाळा सायकल देतेय.” सर गप्प झाले. हल्ली मे महिन्यात मास्तर मंडळी उन्हातान्हात घरोघर पोरं मागत हिंडतात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, तुकडी जाते, तुकडी गेली की मास्तर अतिरिक्त ठरतो. एक दाखला म्हणजे कुणाच्या तरी नोकरीचा काही भाग. २०२३मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला पुन्हा पास-नापास आलं. स्टाफरूममध्ये पेढे वाटायचं चाललं होतं. सर म्हणाले, “नापास झालेला पोरगा पुन्हा त्याच वर्गात बसणार. म्हणजे आपल्यालाच परत. पेढे कशाचे?”

अशी माणसं बहुतेक ३१ मेला निवृत्त होतात. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजपंचे १ जून ही जन्मतारीख लिहिलेली असते, ती अठ्ठावन्नाव्या वर्षी अशी वसूल होते. निरोपसमारंभाला मुलं नसतात, कारण सुट्टी. पद ज्येष्ठतेनं भरतात, पण तुकड्या घटलेल्या असल्या तर भरतच नाहीत. आमच्याकडे ते अजून रिकामंच आहे. तासांची वही आता सगळ्यात कनिष्ठ शिक्षकाकडे असते आणि त्याला पाहून कुणी मैदान मोजायला जात नाही.

तुमच्या गावच्या शाळेत असे सर अजून नोकरीत असतील, तर मेच्या आत एकदा भेटून या. जाताना शर्ट खोचा, मोबाईल बंद ठेवा, आणि कपाटातलं तुमचं काही असेल तर मागू नका. वर्ष अजून संपलेलं नाही.