चालू द्या : सायकलस्वारासाठी नियमावली

एकदा शिकलेली सायकल माणूस विसरत नाही, असे म्हणतात. मात्र ती चालवायला पहाटे साडेपाचला उठायचे असते, हे तो रोज विसरतो. पुढील नियम या विसराळू वर्गासाठी आहेत. प्रस्तुत लेखकाला चार वर्षांचा अनुभव असून पावसाळे, लग्नसराई आणि कंटाळा वजा जाता तो दीड वर्ष भरतो.

नियम १. एक शत्रू नेमावा.

आरोग्य, पर्यावरण, पेट्रोलचे भाव ही कारणे पहिल्या आठवड्यापुरती पुरतात. पुढे पायडल मारायला लावते ती निव्वळ ईर्ष्या. शत्रू आपल्याहून किंचितच वेगवान असावा. पंचवीस वर्षांचा पोरगा या कामी निरुपयोगी. तो पुढे गेला तर ‘वयच आहे त्याचं’ म्हणून आपण मोकळे होतो.

माझे शत्रू अडुसष्ट वर्षांचे आहेत. (वयाने मोठे असल्यामुळे त्यांच्यासाठी आदरार्थी बहुवचन वापरले आहे.) त्यांच्या सायकलला मडगार्ड आहे, कॅरिअर आहे आणि कॅरिअरला एक कापडी पिशवी करकचून बांधलेली आहे. सीताफळाच्या मोसमात ती सासवडहून भरून येते. रविवारी पुण्याजवळच्या बापदेव घाटाच्या चढावर मी डोळ्यांपुढे काजवे मोजत असताना मागून एकदाच घंटी वाजते. काका शेजारून जातात. धाप नाही, घाम नाही. जाताना फक्त दोन शब्द: “चालू द्या.”

पंगतीत यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो ना, त्या चालीवर. त्या दोन शब्दांवर मी आजवर काही हजार किलोमीटर काढले आहेत.

नियम २. सीट वर घ्यावी.

पायडल सर्वात खाली असताना टाच त्यावर ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात जेमतेम बाक राहतो. इतकी साधी गोष्ट. मी मात्र दोन वर्षे सीट खाली ठेवून चालवली. गुडघे ठणकत, आणि त्या ठणक्याला मी तपश्चर्या समजत असे. शेवटी कुणीतरी एकदा शेजारून जाता जाता म्हणालं, “दोन बोटं वर घ्या सीट.” कुणी, ते सांगायची गरज नाही.

नियम ३. वाऱ्याला शिव्या देऊ नयेत, हिशेब करावा.

वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. ताशी २० वरून २५ वर जायचे तरी वाऱ्यासाठीच जवळजवळ दुप्पट ताकद लागते. म्हणजे वरचे पाच किलोमीटर हे खालच्या विसांइतकेच महाग. तेव्हा वेग अर्ध्या किलोमीटरने वाढला तरी पेढे वाटायला हरकत नाही.

पावसाळ्यात पुण्याला वारा पश्चिमेचा. पानशेतकडे जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीवर. कष्ट आधी उरकावेत. उलट दिशेने हडपसरच्या बाजूला गेलात तर जाताना आपण फार मोठे सायकलपटू आहोत असे वाटते आणि येताना घरी फोन करावा लागतो.

सपाटीवर कुणाच्या तरी मागे राहिले की बरीच ताकद वाचते. मात्र काकांच्या मागे राहू नये. ते ऐन वळणावर तोंडल्याच्या भावाची चौकशी करायला थांबतात.

नियम ४. नवी वस्तू घेऊन वेग वाढत नाही. घेतल्यास घरी किंमत सांगू नये.

नियम ५. आकड्यांशी बेताने वागावे.

सायकलपटू एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. ते शहर सव्वादोन हजार मीटरांवर, हवा विरळ. पुणे साडेपाचशे मीटरांच्या थोडे वर. माझ्या ताशी अठराचे हेच कारण मी कित्येक दिवस देत होतो.

लांब जायचे असेल तर ब्रेव्हेचा, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचा, नियम लक्षात ठेवावा: २०० किलोमीटर, साडेतेरा तास. सरासरी ताशी पंधराही पडत नाही. फक्त त्यात चहा, पंक्चर आणि झाडाखाली बसून ‘आपण हे का करतोय’ असा विचार करण्याचा वेळही धरलेला असतो. लांब जाणारे लोक वेगाने जात नाहीत, ते कमी वेळा थांबतात. हे कळायला मला शंभरेक टपऱ्या लागल्या.

मोबाइलमधल्या ॲपच्या नादी लागू नये. ३९.६ चे ४० करण्यासाठी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चकरा मारणाऱ्या माणसाबद्दल वॉचमनचे काय मत होते, हे मी विचारलेले नाही.

नियम ६. तहान लागण्याआधी प्यावे, भूक लागण्याआधी खावे.

केळे, खजूर, चिक्की. मिसळ परतीच्या वाटेवर. जाताना मिसळ खाऊन घाट चढलेला माणूस मी आरशात पाहिलेला आहे.

नियम ७. शत्रूला मदत करू नये.

गेल्या रविवारी बापदेवच्या एका वळणावर काका सायकल उलटी करून उभे. चेन पडलेली, चष्मा घरी राहिलेला. चार वर्षांत पहिल्यांदाच मी पुढे जाणार होतो. घंटी वाजवायला अंगठा उचललासुद्धा.

थांबलो. मागच्या गिअरचा दांडा पुढे ढकलून चेन सैल केली, पुढच्या चक्राच्या दात्यांवर अडकवली, पायडल उलटे फिरवले. बसली. हात कोपरापर्यंत काळे. काकांनी पिशवीतून एक फडके काढले, स्वतःची सीट पुसली, फडके मला दिले आणि टांग मारली.

“चालू द्या.”

मी जीव तोडून मागे लागलो. वर टपरीपाशी पोचलो तेव्हा काका नव्हते. टपरीवाला म्हणाला, “दोन चहा अन् एक प्लेट भजी. काका म्हणाले, मागून एक जण येतोय, तो देईल.”

“दोन चहा?”

त्याने बशी झाकलेला एक ग्लास पुढे सरकवला. बशी उचलली. चहा कोमट होता.

मागच्या वर्षी तो गार झाला असता.