बोंबलाला टोकन, मिरचीला मुदतवाढ

वरळी कोळीवाड्यातून पहाटे निघणाऱ्या होडीविषयी सरकारला काय काय ठाऊक असतं याची यादी केली, तर आपल्या यंत्रणांविषयीचा आदर दुणावतो. होडीच्या अंगावर आयएनडी-एमएचने सुरू होणारा नंबर रंगवलेला असतो. मालकाचं नाव, इंजिनाची ताकद, परवान्याची तारीख, डिझेलच्या परताव्याचा हिशेब, सगळं मत्स्यव्यवसाय खात्याच्या दप्तरात असतं. २६ नोव्हेंबर २००८ नंतर खलाशांना अंगठ्याच्या ठशांची ओळखपत्रं मिळाली, राज्याराज्याच्या होड्यांना वेगवेगळे रंग ठरले, समुद्रात जाण्यासाठी टोकन आणि बंदरावर जाण्या-येण्याच्या नोंदी सुरू झाल्या. चार पाट्या बोंबील आणायचे तरी माणसाने आपली कुंडली मांडूनच समुद्रात उतरायचं. समुद्रातून या शहरावर दोनदा घाला आला आहे, तेव्हा खबरदारीबद्दल तक्रार नाही. फक्त एक बारीकशी गोष्ट नोंदवून ठेवू. २००८ मध्ये कफ परेडच्या मच्छीमार नगरात रबरी होडीतून उतरलेल्या दहाजणांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळ्यांनीच. आणि १९९३ चं आरडीएक्स रायगडच्या दिघी-शेखाडीला उतरलं तेव्हा डोळे मिटून घेणारे कस्टम्सचे वरिष्ठ अधिकारी होते, पोलीस होते. टाडा न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून शिक्षा दिल्या, एका फौजदाराला तर जन्मठेप. या दोन्ही अनुभवांतून शासनाने निष्कर्ष काढला तो असा, की कोळ्यांवर लक्ष ठेवायला हवं.

नंबरावर सरकारची एवढी श्रद्धा का, याचंही कारण वरळीतच सापडतं. १२ मार्च १९९३ ला शहरात जे स्फोट झाले, २५७ माणसं गेली, त्यांतला एक भीषण स्फोट इथल्या सेंच्युरी बाजारजवळ झाला. त्याच दिवशी सीमेन्सच्या कार्यालयापाशी एक मारुती व्हॅन बेवारस सापडली. आत शस्त्रं होती. गाडीच्या नंबरावरून पोलीस थेट माहीमच्या मेमन कुटुंबाच्या दारात पोचले. नंबर असला, तो कुणाच्या नावावर आहे हे कागदावर असलं आणि तो कागद वेळेवर कुणी उघडला, तर या देशात तपास किती झटपट लागतो याचा हा धडा होता. यातली तिसरी अट जरा अवघड आहे.

स्फोटांनंतर चार महिन्यांनी, ९ जुलै १९९३ रोजी केंद्र सरकारने गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गुन्हेगारी टोळ्या, सरकारी अधिकारी आणि राजकारणी यांचं साटंलोटं तपासायचं होतं. समितीत बसले होते इंटेलिजन्स ब्युरोचे संचालक, रॉचे सचिव, सीबीआयचे संचालक. म्हणजे देशात ज्यांना सगळं कळतं असं आपण मानतो, ती सगळी मंडळी एका टेबलाभोवती. ५ ऑक्टोबरला अहवाल तयार झाला. तो कसा तयार झाला हे अहवालाच्या शेवटीच लिहिलं आहे, आणि आमच्या मते ती त्यातली सर्वांत बोलकी ओळ आहे. व्होरांनी सहकाऱ्यांना मसुद्याच्या भानगडीत न ओढता मजकूर स्वतः सांगून टंकून घेतला आणि त्याच्या फक्त तीन प्रती काढल्या. एक गृहमंत्र्यांना, एक गृह राज्यमंत्र्यांना, एक स्वतःजवळ. देशाच्या गृहसचिवाला देशाच्या कारभाराविषयीचा कागद चौथ्या माणसाच्या हाती पडू नये असं वाटावं, यापलीकडे त्या अहवालात आणखी काय हवं होतं? तरी होतं. माफियांचं जाळं जवळजवळ समांतर सरकार चालवत आहे, आणि टोळ्यांचे म्होरके महापालिकांपासून संसदेपर्यंत निवडून जात आहेत, असं गुप्तचर प्रमुखांच्या हवाल्याने त्यात म्हटलं आहे. दोन वर्षं तो कपाटात राहिला. दिल्लीत युवक काँग्रेसच्या पुढाऱ्याने केलेल्या तंदूर हत्याकांडाने गदारोळ उठल्यावर १ ऑगस्ट १९९५ ला संसदेसमोर आला तो डझनभर पानांचा. ज्या माहितीवर ती पानं उभी होती, ती माहिती आली नाही.

त्या डझनभर पानांत नावं मोजकीच आहेत, आणि त्यांतलं एक वरळीकरांना शेजारचं वाटेल: इक्बाल मिरची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत जहाजांवरून दारू-सिगारेटी मिळवून विकणारा हा माणूस काही वर्षांत कोट्यवधींच्या मालमत्तेचा धनी कसा झाला, तर वेळच्या वेळी यंत्रणांनी हात घातला नाही आणि नंतर त्याच्यामागे एवढे आश्रयदाते उभे राहिले की हात घालणं अवघड झालं, असं अहवाल सांगतो. पुढे असंही म्हणतो, की मिरचीची चौकशी केली तर त्याचे सगळे लागेबांधे उघड होतील. हे १९९३ साल. मिरचीच्या मालमत्ता कुठे होत्या? कोळीवाड्यातली मासळीवाली पाटी डोक्यावर घेऊन चालत जाईल एवढ्या अंतरावर, अॅनी बेझंट रोडच्या बाजूला. राबिया मॅन्शन, मरियम लॉज, सी व्ह्यू. सक्तवसुली संचालनालयाच्या (ईडीच्या) म्हणण्याप्रमाणे १९८६ मध्ये त्या साडेसहा लाखांना घेतल्या गेल्या होत्या. (त्याचा वरळीत एक डिस्कोही होता, ‘फिशरमन्स व्हार्फ’ नावाचा. कोळ्याच्या नावाने चालणाऱ्या त्या धक्क्यावर जायला परवाना, ओळखपत्र, टोकन काही लागत नसे.) मिरची लंडनला गेला, २०१३ च्या ऑगस्टमध्ये तिथेच वारला, आणि ईडीने या व्यवहारांचा गुन्हा नोंदवला तो २०१९ मध्ये. चौकशी केली तर सगळं उघड होईल असं सरकारला सांगितल्यानंतर सव्वीस वर्षांनी आणि ज्याची करायची तो गेल्यानंतर सहा वर्षांनी.

चौकशीसाठी २०१९ चा ऑक्टोबर निवडला गेला, हाही योगायोगच म्हणायचा. २१ तारखेला विधानसभेचं मतदान होतं. १८ तारखेला राष्ट्रवादीचे नेते प्रफुल्ल पटेल ईडीच्या कार्यालयात बसले होते, कारण त्यांच्या कुटुंबाच्या कंपनीने बांधलेल्या वरळीच्या सीजे हाउस या इमारतीत मिरचीच्या कुटुंबालाही जागा मिळाली होती. पटेलांनी गैरव्यवहाराचा आरोप फेटाळला. २०२२ मध्ये त्यांच्या बाजूचे मजले जप्त झाले. २०२३ च्या जुलैत ते अजित पवारांबरोबर सत्तेकडे गेले. २०२४ च्या जूनमध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने त्यांची जप्ती रद्द केली. मिरचीच्या व्यवहाराशी त्या मजल्यांचा संबंध नाही, असं ठरलं. इथे कुणी म्हणेल, कालक्रम म्हणजे पुरावा नव्हे. अगदी मान्य. पटेल दोषी होते असं आम्ही म्हणत नाही. न्यायाधिकरणाने जे ठरवलं ते आमच्या लेखणीपेक्षा वजनदार आहे. पण मग एक साधा हिशेब राहतो. संबंध नव्हता, तर मतदानाच्या तीन दिवस आधी आणि जप्तीनंतरची दोन वर्षं तो होता असं कुणी आणि का म्हटलं? आणि संबंध होता, तर तो गेला कुठे? दोन्हींपैकी कुठलंही उत्तर घ्या, माहिती तपासाच्या वेळापत्रकाने चालली नाही, राजकारणाच्या वेळापत्रकाने चालली, एवढं कायम राहतं.

आमचं म्हणणं इतकंच आहे. या शहरातलं साटंलोटं गुप्त आहे ही समजूत भाबडी आहे. ते नाक्यावरच्या पानवाल्यालाही माहीत असतं. गुप्त असते ती सरकारदरबारची नोंद, आणि ती गुप्त ठेवली जाते कारण उघडी पडली की तिची किंमत संपते. कपाटातल्या फायलीवर पक्ष फोडता येतो, प्रचार करता येतो, बदली टाळता येते, बढती मिळवता येते. न्यायालयात गेलेली फाईल मात्र फक्त खटला होते. म्हणून १९९४ मध्ये महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी शरद पवारांविरुद्ध ट्रकभर पुरावे असल्याचं सांगितलं, महाराष्ट्राने वर्षभर त्या ट्रकची वाट पाहिली, आणि तो ट्रक कुठल्याही न्यायालयाच्या आवारात लागला नाही. स्फोटांतला फरार आरोपी दाऊद इब्राहिम याला मुसक्या बांधून आणण्याची घोषणा देत गोपीनाथ मुंडे यांनी १९९५ ची निवडणूक गाजवली. ते गृहमंत्रीही झाले. दाऊद आला नाही. पण ज्यांनी ट्रक पाहिला नाही त्यांनी त्यावर मतं मिळवली, आणि ज्यांच्यावर ट्रक रोखलेला होता ते पुढच्या मंत्रिमंडळांत राहिले. पुराव्याचा उपयोग झाला नाही असं कोण म्हणेल?

आता जाणकारांचा आक्षेप. गुन्हेगाराची खबर गुन्हेगाराकडूनच मिळते, भजनी मंडळाकडून नाही. तेव्हा हेरखात्याने टोळीवाल्यांशी बोलायचंच नाही हा बाळबोध आग्रह झाला. बरोबर आहे. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात नॉर्मंडी जहाज जळालं, तेव्हा अमेरिकी नौदलाचे हेर सर्वप्रथम गेले ते फुल्टन मासळी बाजाराचा दादा जोसेफ लँझा याच्याकडे, का तर जर्मन पाणबुड्यांवर मासेमारी होड्यांनी नजर ठेवावी म्हणून. तिथून धागा तुरुंगातला माफिया म्होरक्या लकी लुचियानो याच्यापर्यंत गेला आणि १९४६ मध्ये लुचियानोची शिक्षा कमी करून त्याला इटलीला धाडण्यात आलं. आपल्याकडेही २०१५ मध्ये माजी गृहसचिव आर. के. सिंह यांनी जाहीरपणे सांगितलं, की दाऊदवर सोडण्यासाठी त्याचा वैरी छोटा राजन याच्या टोळीतली माणसं तयार केली होती आणि मुंबई पोलिसांतल्याच काहींनी तो बेत उधळला. या विधानावर नीट विचार करा. एका टोळीचा उपयोग केंद्राची यंत्रणा करते, दुसऱ्या टोळीचे हितचिंतक राज्याच्या पोलिसांत आहेत, असं देशाचा माजी गृहसचिव म्हणतो, आणि कुणी साधी चौकशी समितीही नेमत नाही. टोळीवाल्यांशी बोलणं हा दोष नाहीच. बोललं काय, बदल्यात दिलं काय, याचा ताळेबंद कुणापुढे ठेवायचा नाही, हा दोष आहे.

राजनचंच पाहा. मोहन कुमार या नावाच्या भारतीय पासपोर्टवर तो वर्षानुवर्षं परदेशात राहिला. २०१७ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्याला आणि पासपोर्ट कार्यालयाच्या तीन निवृत्त कर्मचाऱ्यांना सात-सात वर्षांची शिक्षा दिली. खटल्यात राजन म्हणाला, की आपण देशविरोधी शक्तींशी लढत होतो आणि मदत करणाऱ्यांची नावं राष्ट्रहितासाठी सांगता येणार नाहीत. खुनाच्या खटल्यांतला आरोपी न्यायालयात सरकारी प्रवक्त्याच्या भाषेत बोलतो, आणि त्यावर सरकार ‘हा खोटं बोलतो’ एवढंही ठणकावून सांगत नाही. राजनबरोबर शिक्षा झाली ती फक्त टेबलामागच्या तिघांना.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: हे कागद उघड केले तर खबऱ्यांचे जीव जातील. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्होरा अहवालामागची माहिती सर्वांसाठी खुली करायला नकार दिला. पण त्याच निकालात उच्चस्तरीय समिती नेमून तपास पुढे न्यावा अशी शिफारस होती. सरकारांनी निकालाचा पहिला अर्धा भाग मनापासून पाळला. खबऱ्याचं नाव झाकून कागद उघडता येतो. १९७५ मध्ये अमेरिकेच्या चर्च समितीने कॅस्ट्रोच्या हत्येसाठी सीआयएने माफियांना हाताशी धरल्याचं जगापुढे मांडलं, तरी सीआयए आजही सुखात आहे. आपल्याकडे ब्युरो १८८७ पासून आहे, रॉ १९६८ पासून. दोन्हींना संसदेचा कायदा नाही, संसदीय देखरेख नाही. २०११ मध्ये मनीष तिवारींनी त्यासाठी खासगी विधेयक आणलं. ते बारगळलं. आणि देखरेख नसली की काय होतं? तर राज्याच्या पोलिसांकडून काँग्रेसच्या नाना पटोलेंचा फोन ‘अमजद खान’ नावाने ऐकला गेला आणि शिवसेनेच्या संजय राऊतांचा ‘एस. रहाटे’ म्हणून, असं २०२२ च्या गुन्ह्यांत नोंदलं गेलं. ते गुन्हे उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केले आणि संबंधित अधिकारी रश्मी शुक्ला पुढच्याच वर्षी राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. पटोलेंना गब्बरच्या नटाचं नाव देणाऱ्या अनाम लेखनिकाची मात्र दाद द्यायला हवी.

तेव्हा आमची एक नम्र सूचना आहे. मच्छीमारांचे नियम जसेच्या तसे लागू करावेत. प्रत्येक पुढाऱ्याच्या, अधिकाऱ्याच्या आणि बिल्डरच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत नंबर. पक्षागणिक रंग, आणि पक्ष बदलला की चोवीस तासांत नवा रंग स्वखर्चाने. दुबई-लंडनला जाताना टोकन, परतल्यावर काय माल आणला त्याची नोंद. आणि जून-जुलैत दोन महिने पूर्ण बंदी, म्हणजे प्रजननकाळात तरी साटंलोटं वाढणार नाही. हे व्यवहार्य नाही असं वाटत असेल, तर सोपा मार्गही आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीची माहिती सर्वसाधारणपणे झाकता येत नाही. सुरक्षेची पळवाट त्यात आहे, पण ती वापरायची की नाही हे सरकारच्या हातात आहे. व्होरा अहवालाची वीस वर्षं २०१३ मध्येच भरली. तेव्हापासून मुंबईत मतं मागणारा जवळजवळ प्रत्येक मोठा पक्ष कधी ना कधी दिल्लीच्या सत्तेत बसून आला आहे. वरळीच्या मतदारांनी पुढच्या वेळी दारात येणाऱ्या उमेदवाराला पाणी, रस्ता, पुनर्विकास यांच्याबरोबर एवढंच विचारावं: त्या तीन प्रती सध्या कुणाकडे आहेत, आणि तुमच्या सरकारने त्यामागचे कागद का उघडले नाहीत? उत्तर लिहून घ्या, खाली सही घ्या.