मंदप्रकाशी गृहस्थ आणि त्याचा डिमर

भिंतीवरील सॉकेट आणि टेबललॅम्पची पिन यांच्या मध्ये जाऊन बसणारे, बाजूच्या चाकाने किंवा सरकत्या खिट्टीने दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारे डिमर नावाचे जे छोटे उपकरण मिळते, त्याचा विचार आजवर विद्युत-अभियांत्रिकीच्या अंगाने पुष्कळ झालेला असला, तरी ते विकत घेणाऱ्या मनुष्याच्या अंगाने तो जवळजवळ झालेलाच नाही. ही उणीव गंभीर आहे. कारण भिंत फोडणे, वायरमन बोलावणे आणि घरच्यांची संमती घेणे या तिन्ही गोष्टी या उपकरणाला लागत नसल्यामुळे ते घरात येते ते केवळ एका माणसाच्या हौसेने, आणि म्हणून त्या माणसाच्या स्वभावाचा इतका निर्भेळ पुरावा घरातील दुसऱ्या कोणत्याही वस्तूत सापडत नाही. या माणसाला येथे सोयीसाठी ‘मंदप्रकाशी गृहस्थ’ असे म्हटले आहे.

मंदप्रकाशी गृहस्थ म्हणजे दिवाणखान्यातली ट्यूब हा असंस्कृतपणाचा कळस आहे असे ज्याला चाळिशीनंतर अकस्मात वाटू लागते तो. कोपऱ्यात एकच दिवा, तोही पिवळा, तोही अर्ध्यावर, आणि त्याच्या उजेडात आपण पुस्तक घेऊन बसलेलो, असे एक चित्र त्याच्या मनात पक्के बसलेले असते. तेवढ्या उजेडात पुस्तक वाचता येत नाही, ही बाब त्या चित्रात कोठेही येत नाही. मंद प्रकाशात आपले टक्कल विचारवंताचे दिसते, भिंतीवरची ओल दिसत नाही, आणि कपाटात साठलेल्या जुन्या दिवाळी अंकांना ग्रंथसंग्रहाची कळा येते, अशीही त्याची श्रद्धा असते. या वर्गाचा एक नमुना प्रस्तुत लेखनाच्या टेबलापाशीच सदैव उपलब्ध असल्यामुळे पुढील निरीक्षणे बहुतांशी त्याच्यावरून केलेली आहेत. नमुन्याचे स्वतःविषयीचे मत फारच चांगले असल्याने त्याची साक्ष मात्र जपून घेतली आहे.

आपल्याकडे घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिची दिशा सतत उलटसुलट होत सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते, आणि त्यामुळे दिव्यापर्यंत सेकंदाला १०० अर्धलहरी पोहोचतात, प्रत्येकी १० मिलिसेकंदांच्या. डिमरमधला ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच प्रत्येक अर्धलहरीच्या आरंभी बंद राहतो, ठरलेल्या विलंबाने उघडतो, आणि लहर शून्यावर आली की आपोआप पुन्हा बंद होतो. चाक फिरवल्याने वाढतो किंवा घटतो तो केवळ हा विलंब. पंगत बसली तरी स्वयंपाकघराचे दार लावून ठेवणारा, मनास येईल तेव्हा ते उघडून ‘आता उरलेल्या वेळात जेवा’ म्हणणारा यजमान सेकंदाला शंभर पंगती उठवू लागला, तर त्याच्यात आणि ट्रायॅकमध्ये फरक करणे कठीण जाईल. तंतूचा बल्ब, म्हणजे ज्यात टंगस्टनची तार तापून उजळते तो जुना पिवळा बल्ब, ही उपासमार निमूट सोसतो, कारण दोन लहरींमधल्या अवकाशात त्याच्या तारेला निवायला सवड मिळत नाही आणि डोळ्यांना तुटक उजेडाऐवजी सलग मंद उजेड दिसतो. फार तर तो बारीक आवाजात गुणगुणतो. लहर अशी मध्येच एकदम सुरू झाल्याची खरखर मध्यमलहरी रेडिओलाही ऐकू जाते, आणि आकाशवाणी पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवर शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लावणाऱ्या ज्येष्ठांना पिकावरील किडीची माहिती प्रत्यक्ष किडीच्या आवाजासह मिळू लागते.

या पद्धतीचा घरगुती डिमर अमेरिकेतील जोएल स्पायरा यांनी १९५९ मध्ये न्यूयॉर्कमधील आपल्या राहत्या घरी सिद्ध केला आणि १९६१ मध्ये त्यासाठी ल्यूट्रॉन ही कंपनी काढली. त्यापूर्वी उजेड कमी करायचा म्हणजे बहुधा विजेच्या वाटेत रोध घालून तिचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया घालवायचा, हा मार्ग होता. नाट्यगृहांत तर हे काम मिठाच्या पाण्यात धातूच्या पट्ट्या खाली-वर करून केले जाई, म्हणजे रंगमंचावर सूर्य मावळत असताना विंगेत पाणी तापत असे. मंदप्रकाशी गृहस्थ स्वतःला या नाट्यपरंपरेचा वारस समजतो. बालगंधर्व रंगमंदिरात नायकाचे स्वगत सुरू होताना भोवतालचे सर्व काही हळूहळू काळोखात जाते हे त्याने अनेकदा पाहिलेले असते, आणि आपण बोलू लागलो की दिवाणखान्यानेही तसेच वागावे अशी त्याची माफक अपेक्षा असते. त्या स्वगताचा शेवट घरातील सर्वांना पाठ असल्यामुळे काळोख होताच प्रेक्षक उठून जातात, हा भाग निराळा.

घरात मात्र या खरेदीचे समर्थन तो कलेच्या नव्हे, काटकसरीच्या भाषेत करतो, आणि ते टिकत नाही. तंतूच्या बल्बाला मिळणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवले तर वीज सुमारे १५ टक्के वाचते, पण उजेड सुमारे ३० टक्के जातो. म्हणजे हा वाचवण्यापेक्षा गमावण्याचाच व्यवहार होतो. बल्बाचे आयुष्य तेवढे तिपटी-चौपटीने वाढते, परंतु आपल्या पश्चात बल्ब राहील हा युक्तिवाद कुटुंबातील कोणालाही दिलासा देत नाही.

काटकसरीचा विषय निघाल्यावर झिरोच्या बल्बाकडे वळणे अपरिहार्य ठरते, कारण मराठी घरांत मंद प्रकाशाची खरी परंपरा त्याची आहे. झिरोचा बल्ब म्हणजे लिंबाएवढा, तांबडा, हिरवा अथवा निळा, रात्रभर जळणारा तंतूचा दिवा. याच्या नावात शून्य असले तरी तो प्रत्यक्षात १२ ते १५ वॅट वीज घेतो. जुन्या फिरत्या चकतीच्या मीटरला एवढा किरकोळ भार जाणवत नसे, म्हणून तो शून्याचा, अशी त्याची सर्वत्र सांगितली जाणारी उपपत्ती आहे. मीटरला जे कळत नाही ते अस्तित्वातच नाही, हे तत्त्वज्ञान ज्या पिढीने इतक्या सहजपणे स्वीकारले, तीच पिढी मोकळ्या खोलीत ट्यूब जळताना दिसली की ‘घर काय धर्मशाळा आहे?’ असे विचारत घरभर फिरत असे. १५ वॅटचा झिरो रोज आठ तास जळला तर महिन्याला ३.६ युनिट होतात. आणि आजचा ९ वॅटचा एलईडी बल्ब सबंध खोली लख्ख उजळूनही त्याहून कमी वीज घेतो, म्हणजे वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर काटकसर म्हणून जो अंधार केला तो आजच्या उजेडापेक्षा महाग होता. तरीही झिरोची बाजू घ्यावीशी वाटते. त्याच्या हिरव्या उजेडात ओळीने घातलेल्या गाद्यांवर झोपलेली भावंडे, मामेभाऊ, परीक्षेसाठी आलेला कोणी दूरचा नातेवाईक, सगळेच सारखे पाण्याखालचे दिसत; मच्छरदाणीची दोरी दिसे, तांब्या-भांडे दिसे, आणि मध्येच उठलेल्या माणसाचा पाय कोणाच्या पोटावर पडत नसे. देवघरातला झिरो तांबडा असे, आणि तो गेला की नवा आणायला कोणाला सांगावे लागत नसे. रंगाविषयी घरोघर मतभेद होते: निळ्यात भीती वाटते, तांबड्यात झोप लागत नाही, हिरवा डोळ्यांना थंड, अशी मते लोक वैद्यकीय निश्चयाने मांडत, मात्र झिरोचा उजेड कमी किंवा जास्त असावा असे कोणी कधी म्हटल्याचे ऐकिवात नाही. विषयांतर लांबले आहे, पण चाक नसलेला, खिट्टी नसलेला, एकाच पातळीवर संतुष्ट असा हा दिवा डोळ्यांपुढे नसेल, तर मंदप्रकाशी गृहस्थाची अस्वस्थता पुरती कळणार नाही.

त्या अस्वस्थतेला आज एक खरे कारणही आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले, विजेची बचत झाली, बल्ब स्वस्त झाले, हे सारे चांगलेच झाले. परंतु स्वस्त एलईडी बल्बाच्या पोटात ड्रायव्हर नावाचे जे छोटे मंडल असते, ते आलेली वीज सरळ करून दिव्यांना ठराविक प्रवाह पुरवण्यासाठीच बनवलेले असल्यामुळे ट्रायॅकने कापलेली लहर पाहून ते गोंधळते, आणि ९ वॅटचा भार मुळात इतका हलका असतो की ट्रायॅकलाही आपण चालू आहोत की बंद याचा भरवसा राहत नाही. परिणामी बल्ब फडफडतो, अर्ध्यावर आणला की एकदम विझतो, आणि काही वेळा बंद केल्यावरही मिणमिणत राहतो. ‘डिमरसह वापरू नये’ ही सूचना खोक्यावर छापलेली असते, पण ती अशा बारीक अक्षरांत, की वाचायला भरपूर उजेड हवा. डिमरवर चालणारे एलईडी बल्ब निराळे आणि महाग मिळतात. गल्लीतल्या दुकानात ते मागितले असता दुकानदार साधाच बल्ब पुढे करून ‘बसेल की’ म्हणतो, आणि तो खरोखरच होल्डरमध्ये बसतो. उजेड केवढा आणि केव्हा हवा हे घरातल्या माणसाने ठरवावे, ही मागणी हौशी असेल, पण गैरवाजवी नाही. ती ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन बटणांत मिटवून टाकली गेली, याचा राग मंदप्रकाशी गृहस्थाला येतो आणि तो रास्त आहे. हा राग घेऊन तो पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत जातो आणि साठ वॅटचे तंतूचे बल्ब, जणू बंदी असलेला माल, वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणतो. एखाद्याचा न्यू जर्सीतला भाचा सुट्टीत येताना तिकडचा डिमर भेट आणतो, पण तो १२० व्होल्टसाठी बनलेला असल्यामुळे शोकेसमध्ये, बोलत्या बाहुलीशेजारी उभा राहतो.

उपरोक्त नमुन्याच्या घरी संध्याकाळी डिमर लावलेल्या दिव्यापाशीच त्याची आई तांदूळ निवडायला बसते. डोळ्यांना जाणवणारा उजेड मोजलेल्या उजेडाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो असा प्रकाशयोजनेतला ठोकताळा आहे, म्हणजे दिवा दहा टक्क्यांवर आणला तरी पाहणाऱ्याला तो सुमारे ३२ टक्के वाटतो, आणि म्हणूनच मंद प्रकाश करणाऱ्याला आपण फारसे काही काढून घेतले असे कधी वाटत नाही. त्यात वयपरत्वे बाहुली आकसते आणि डोळ्यातले भिंग पिवळट होते, त्यामुळे साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. आईची साठी तर केव्हाच मागे पडलेली. तेव्हा मुलाला जो सुखद तिसरा हिस्सा वाटतो, तो ताटातल्या तांदळावर खरे तर दहावा हिस्सा असतो, आणि त्या दहाव्याचाही तिसराच भाग तिला मिळतो. असे असून ती उजेड कमी आहे असे म्हणत नाही. ती चष्मा काढून पदराने पुसते, पुन्हा लावते, ‘नंबर वाढलेला दिसतोय’ असे स्वतःशीच म्हणते, आणि ताट घेऊन स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली जाऊन बसते. चूक नेहमी आपल्याच डोळ्यांची असते असे मानायला या बायकांना कोणी, केव्हा शिकवले, याचा शोध विद्युत-अभियांत्रिकीत लागत नाही.

खिट्टी कशी सरकते हे एकदा तिला दाखवल्यानंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. संध्याकाळी तांदूळ, भाजी आणि पोथी संपेपर्यंत दिवा आता पूर्ण उजेडावर असतो, आणि त्याला हात लावणाऱ्याकडे ती चष्म्याच्या वरून पाहते. रात्री तिला एक-दोनदा उठावे लागते, म्हणून झोपताना ‘अरे, तो झिरो करून ठेव’ असे ती सांगते, आणि साठ वॅटचा बल्ब अगदी खालच्या टोकाला आणून ठेवला जातो. तेवढ्या लालसर उजेडात दारापर्यंतची वाट दिसते, आणि तिला एवढेच हवे असते. मधला सारा टापू, ज्यासाठी हे यंत्र घरात आले तो, गृहस्थाकडे राहतो. पण हा टापू मालिकांच्या वेळेत येतो, आणि त्या वेळी दिवाणखान्यातला उजेड पडद्यावरची सासू दागिन्यांसह आली की वाढतो, कोणाचे अपहरण झाले की घटतो, आणि कोपऱ्यात टकलावर हवा तसा प्रकाश घेऊन बसलेल्या गृहस्थाकडे जाहिराती लागल्याशिवाय कोणाचे लक्ष जात नाही.