प्रोसेसर बदलू इच्छिणाऱ्यांसाठी (व त्यांच्या मामांसाठी) सूचना

ज्यांचा संगणक ‘लॅग मारतो’ अशा समस्त होतकरू खेळाडूंसाठी ही मार्गदर्शिका आहे. तीत आमच्या भाच्याशी कुठे साधर्म्य आढळलं, तर ते मुद्दाम आणलेलं आहे.

नियम पहिला : आधी मामा गाठावा. वडील या कामी येत नाहीत. वडील ‘मग आधीचा कशाला घेतला होता?’ असं विचारतात आणि या प्रश्नाला जगात उत्तर नाही. मामा शक्यतो असा बघावा, की ज्याने तरुणपणी लॅमिंग्टन रोडवर दुकानोदुकानी हिंडून सुटे भाग घेतलेत आणि ज्याला अजूनही वाटतं, की आपल्याला यातलं कळतं. त्याच्यासमोर ‘मामा, सीपीयू बॉटलनेक होतोय’ एवढंच म्हणून गप्प बसावं. पुढचं तोच बोलतो.

नियम दुसरा : मामाने लगेच पाकीट काढू नये. आधी निदान. फ्रेमवर घातलेली मर्यादा आणि व्ही-सिंक बंद करून खेळ चालू करावा आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते पाहावं. तो सतत पंचाण्णवच्या पुढे असेल, तर कार्ड जीव तोडून राबतंय आणि प्रोसेसर त्याची वाट बघत बसलाय. अशा वेळी नवा प्रोसेसर घालून फ्रेम वाढायच्या नाहीत. कार्ड पन्नास-साठ टक्क्यांवर रेंगाळतंय आणि तरी खेळ अडखळतोय, तर संशय प्रोसेसरवर घ्यावा. खात्रीसाठी रिझोल्यूशन खाली आणावं. चित्र गचाळ झालं आणि फ्रेम मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या, म्हणजे अडवणूक प्रोसेसरचीच. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर चाळीस टक्के दिसतो म्हणून तो मोकळा आहे, असं समजू नये. सहापैकी एका कोअरची पुरती वाट लागलेली असते आणि सरासरीत ती दिसत नाही.

आमच्या भाच्याकडे रायझन ५ २६००, म्हणजे २०१८ सालचा प्रोसेसर, बी४५० बोर्ड आणि दहावीच्या टक्क्यांच्या बळावर उकळलेलं आरटीएक्स ३०६० कार्ड. सायबरपंक २०७७ लावला तर कार्ड काठोकाठ भरलं. व्हॅलोरंट लावला तर निम्मंही नाही. आणि पठ्ठ्या दिवसरात्र खेळतो व्हॅलोरंट. म्हणजे कार्ट्याचं म्हणणं खरं निघालं. हे त्याला सांगू नये.

नियम तिसरा : मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असून विंडोजमध्ये ६० वर ठेवलेला आढळल्यास तो आकडा बदलावा, चहा घ्यावा आणि मार्गदर्शिका इथेच मिटावी.

नियम चौथा : रॅमच्या पट्ट्या दोन असाव्यात आणि बोर्डावर चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांत त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवाव्यात. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करावं. ३२०० ची पट्टी दाम मोजून आणायची आणि वर्षानुवर्षं २१३३ वर चालवायची, याला काय म्हणावं? एवढं करूनच काहींचं दुखणं थांबतं. दुकानदार हा उपाय सांगत नाही, कारण त्यात त्याला काही सुटत नाही.

नियम पाचवा, आणि इथेच घरात आवाज चढतात : कोणता घ्यावा? भाच्याने रायझन ७ ९८००एक्स३डी मागितला. तो प्रोसेसर उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. खेळाला लागणारी माहिती रॅममधून आणायला वेळ जातो, म्हणून या ‘एक्स३डी’ जातीत कॅश मेमरीचा आणखी एक थर चिपलाच जोडलेला असतो आणि एकूण ९६ एमबी जागा होते. फोडणी तापलेली असताना मोहरी मिसळणाच्या डब्यात हाताशी असणं आणि ती आणायला वाण्याकडे जाणं, एवढा फरक. पण ९८००एक्स३डी बसतो एएम५ सॉकेटमध्ये. म्हणजे बोर्ड नवा. त्या बोर्डाला डीडीआर५ लागते, म्हणजे रॅम नवी. खोक्यात कूलर येत नाही, म्हणजे तोही नवा. ‘मामा, फक्त प्रोसेसर’ या वाक्यातला ‘फक्त’ इतका महाग असतो. शिवाय १८ टक्के जीएसटी.

वास्तविक त्याचं नशीब जोरावर आहे. एएम४ सॉकेटवर २०१७ चा पहिला रायझनही बसला आणि २०२२ चा ५८००एक्स३डीसुद्धा. इंटेलवाल्यांना विचारा. त्यांच्यात २०१७ साली आठवी पिढी आली, सॉकेटचं नाव तेच ११५१, टोकं तेवढीच, पण जुन्या बोर्डांवर ती चालेना. ज्यांच्याकडे १७०० सॉकेट आहे त्यांना बारावी ते चौदावी एवढी मोकळीक आहे, त्यांनी त्यात समाधान मानावं. ज्यांच्याकडे पहिल्या पिढीचा रायझन आहे, त्यांना निमित्त आयतंच मिळालंय : तो विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

तर निकाल असा, की भाच्याला रायझन ५ ५६००. कूलर खोक्यातच येतो, बोर्ड तोच, रॅम तीच. ५७००एक्स३डी रास्त भावात मिळाला तर त्याहून सरस, पण त्याला चांगला कूलर वेगळा घ्यावा लागतो. मात्र दुकानात ‘५६०० नाही, ५५०० घेऊन जा, एकच आहे’ असं म्हणतील, तिथून निघावं. एक नाही. ५५०० मध्ये एल३ कॅश १६ एमबी, ५६०० मध्ये ३२. त्या शंभराच्या फरकात निम्मी कॅश जाते. ‘ट्रे’मधला, म्हणजे खोक्याविना आलेला, स्वस्त पडतो. तोही घेऊ नये.

नियम सहावा : बायोस अपडेट जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करावा. बी४५० ला जुन्या बायोसवर ५६०० ओळखताच येत नाही. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवावी. आणि हे काम गुरुवारी करू नये. यात श्रद्धेचा प्रश्न नाही. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते.

नियम सातवा : कूलर हिसकून काढू नये. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात आणि सुकलेली पेस्ट इतकी चिकट असते, की कूलरबरोबर प्रोसेसरही खटका बंद असताना उपटून येतो. म्हणून आधी दहा मिनिटं खेळू द्यावं (ही सूचना भाच्याने तंतोतंत पाळली), मग संगणक बंद करून वायर काढावी, चारही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे सैल करावेत आणि कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून तो नुसता ठेवावा. दाबू नये. तो आपल्या वजनाने बसतो. मग खटका खाली.

हे भाच्यालाच करू द्यावं. एरवी हे पोरगं जेवताना पाण्याचा तांब्या हमखास लवंडतं. पण पिनांकडे बघत त्याने ती चिप दोन बोटांत धरली तेव्हा हात जरासुद्धा हलला नाही, आणि मला काही बोलायचं होतं ते मी बोललो नाही.

नियम आठवा : बिल आणि खोकं दोन्ही जपावीत. खोकाबंद प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी असते आणि दावा करायची वेळ आली की बिल मागतात, खोक्यावरचा अनुक्रमांक मागतात. ही गोष्ट ताईला आजच सांगून ठेवावी. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे सगळ्यात आधी जातं ते हेच खोकं.