ट्रक वळतो, पण सांगत नाही

टेक्सासमधल्या आमच्या शेजाऱ्यांकडे अमेरिकन लष्कराचा जुना अडीच टनी ट्रक आहे, एम-३५ए२. लिलावात घेतलेला. हे गृहस्थ एक दिवसही सैन्यात नव्हते. पण ट्रक दारात आला आणि त्यांची चालच बदलली. आमच्या घरात त्यांचं नाव तेव्हापासून सुभेदार. मी सॉफ्टवेअरवाला, पण सुभेदारांच्या लेखी इंजिनिअर तो इंजिनिअर. म्हणून उजवा सिग्नल रुसला तेव्हा कुंपणापलीकडून मलाच हाक आली.

खरं तर लष्करी ट्रककडे सिग्नल मागणं हेच त्याच्या स्वभावाविरुद्ध. दुसऱ्या महायुद्धात जीएमसीचे पाच लाखांहून जास्त ट्रक बनले, पण वळण्याआधी कुणाला कळवायची सोय त्यांत नव्हती. ‘आता आम्ही डावीकडे’ असं लुकलुकून सांगणारं सैन्य जिंकणार कसं? एम-३५चं घराणं १९५०च्या सुमाराचं. त्याच्या स्टिअरिंगच्या दांड्याला सिग्नलचा स्विच पट्टीने आवळलेला असतो. बघताक्षणी कळतं, ही नागरी जगाशी केलेली तडजोड आहे.

दिव्यांचा मुख्य स्विच मात्र अस्सल लष्करी. पूर्ण उजेड हवा असेल तर एका हाताने कुलपाचा खटका धरायचा आणि दुसऱ्याने मुख्य खटका फिरवायचा. चुकून प्रकाश पडायला नको! मागचे ब्लॅकआउट दिवे जवळून चार ठिपके दिसतात, ६० ते १८० फुटांवरून दोन आणि त्याहून लांबून एकच. मागच्या ड्रायव्हरने ठिपके मोजून अंतर राखायचं. लपण्यात एवढी बुद्धी खर्ची पडल्यावर सांगण्यासाठी काय उरणार? मुख्य खटका ‘सर्व्हिस ड्राइव्ह’ किंवा ‘स्टॉप लाइट’वर नसेल, तर सिग्नलला वीजच मिळत नाही. आमचा खटका जागेवर होता. म्हणजे दुखणं खरं होतं.

मग तारा. घरच्या गाडीत लाल, पिवळ्या, हिरव्या तारा असतात. इथे सगळ्या काळ्या. गणवेशच तो! ओळख पटते ती तारेवरच्या कड्यावर कोरलेल्या आकड्याने. ४६० म्हणजे पुढचा डावा, ४६१ पुढचा उजवा. मागचे २२-४६० आणि २२-४६१. हा २२ ब्रेकच्या दिव्याचा. मागे ब्रेक आणि सिग्नल यांचा बल्ब एकच, म्हणून ब्रेकची वीजही सिग्नलच्या स्विचमधून फिरून जाते. स्विच बिघडला की ट्रक वळायचं तर सांगत नाहीच, थांबायचंही सांगत नाही.

लक्षणं अशी : डावी बाजू उत्तम. उजवीकडचा पुढचा दिवा लागायचा, पण लुकलुकायचा नाही. मागचा तर कशालाच दाद देईना. सुभेदारांचा संशय फ्लॅशरवर. पण जुना फ्लॅशर अंगातून वाहणाऱ्या विजेने तापतो आणि त्या तापण्यावर उघडझाप करतो. दोनपैकी एका बल्बने संप केला की वीज कमी पडते आणि तो थंडपणे बसून राहतो. मागच्या होल्डरपाशी मीटर लावला, तर २४ व्होल्ट हजर. बल्बही धडधाकट. मग उरली अर्थिंग. या दिव्याची वीज परत जाते ती बोल्टांवाटे, गाडीच्या अंगातून. आणि त्या अंगाला सुभेदारांनी नुकताच हिरवा रंग दिला होता, अगदी दिव्याच्या बुडाखालीसुद्धा.

मी पॉलिश पेपर मागितला. तो देताना त्यांचा चेहरा असा झाला, की मी त्यांच्या छातीवरचं पदकच खरवडायला निघालोय. रुपयाएवढी जागा चकचकीत केली, बोल्ट आवळले, आणि ट्रकने जन्मजात मौन सोडून डोळा मारला.

लगेच फेरी. मी पुण्याचा. आमच्याकडे रिक्षावाल्याचा पाय बाहेर येतो तेव्हा रिक्षा निम्मी वळलेली असते, त्यामुळे आधी लुकलुकून मग वळणाऱ्या त्या धुडाचं मला कौतुक वाटत होतं. पण कोपऱ्यावर सुभेदारांनी सिग्नल दिला आणि वर डावा हात खिडकीबाहेर काढून कोपरात दुमडून उभा धरला : उजवीकडे वळणार!

“अहो, सिग्नल लागलाय की!”

“लागलाय ना,” सुभेदार म्हणाले. “पण लष्कराचा ट्रक आहे. मागच्याला वाटायचं, हूल देतोय.”