हिंगोलीतील जर्मन वेळ

हिंगोली जिल्ह्यात एखाद्याच्या मनगटावर चावीचे घड्याळ दिसले, की दोनच तर्क संभवतात: ते लग्नात सासऱ्याने घातलेले एचएमटी असावे, किंवा तो गृहस्थ संग्राहक असावा. संग्राहकांतील एक पोटजात जुन्या जर्मन घड्याळांच्या नादी लागते. स्विस घड्याळ परवडत नाही हे त्यामागचे खरे कारण असले, तरी चारचौघांत अभिरुची हे कारण सांगण्याचा प्रघात आहे.

श्राम्बर्गची युंगहान्स (स्थापना १८६१), श्वेनिंगेनची कीन्त्सले आणि पूर्व जर्मनीतील रूला ही या पोटजातीची दैवते होत. पैकी कीन्त्सले व रूला यांच्या स्वस्त घड्याळांत दातेरी चाकाला क्षणोक्षणी अडवून सोडणाऱ्या तरफेवर कृत्रिम माणकांऐवजी पोलादी टाचण्या बसवलेल्या असतात, त्यामुळे किंमत उतरते, झीज वाढते आणि टिकटिक इतकी खणखणीत होते, की घड्याळ रात्री उशाशी ठेवायचे की माजघरात, हा निर्णय संग्राहकाच्या हाती राहत नाही. उलट, १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरुला घड्याळे बनवू लागलेल्या एचएमटीच्या ‘जनता’मध्ये सतरा ज्वेल, म्हणजे झीज रोखणारी सतरा माणके असतात; सासऱ्याने फुकट दिलेले घड्याळ यंत्रदृष्ट्या सरस ठरते, हा मुद्दा संग्राहक सहसा चर्चेला येऊ देत नाही.

दुसरे संकट तबकडीचे. जुन्या घड्याळांच्या जागतिक बाजारात ‘मुंबई स्पेशल’ म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या प्रकारात तबकडी नव्याने रंगवलेली, काटे एका घड्याळाचे आणि कवच भलत्याच घड्याळाचे असते. युंगहान्सच्या खुणेतील ताऱ्याला आठ टोके असतात. रंगाऱ्याच्या हातून ती कधी सात होतात, कधी नऊ, आणि भिंग लावून टोके मोजत बसलेल्या संग्राहकाकडे पाहून घरचे त्याचे जेवण झाकून ठेवतात.

दुरुस्तीचा अध्याय मात्र खर्चिक आहे. गावातील कारागीर पाठचे झाकण उघडून, दोन फुंकरा मारून, “साहेब, याचे पार्ट कुठून आणायचे?” असे विचारतो, तेव्हा सुट्या भागांसाठी तेच मॉडेल बंद अवस्थेत विकत घेणे एवढाच मार्ग उरतो. वसमतच्या मोंढ्यातून हळदीची पट्टी हाती पडताच तशी खरेदी होते. आलेले घड्याळ जरा हलवताच चालू लागते, चालू घड्याळ फोडण्याचा धीर होत नाही, म्हणून तेही संग्रहात दाखल होते. पहिले बंदच राहते आणि त्याच्यासाठी तिसऱ्याचा शोध सुरू होतो.