द्रोणागिरीत ई-आर-पी प्रकल्पाची नाडी कशी पाहावी
नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका, सहा पायऱ्यांत

रामायणातल्या द्रोणागिरीची गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. लक्ष्मण मूर्च्छा येऊन पडला, सुषेण वैद्याने औषधी सांगितली, हनुमान ती आणायला गेला. डोंगरावर पोहोचल्यावर नेमकी कुठली ते ओळखू येईना, म्हणून त्याने अख्खा डोंगरच उचलला. ई-आर-पीच्या धंद्यात यालाच ‘सगळी मॉड्यूल्स एकदम घेणं’ म्हणतात. हनुमानाच्या बाबतीत फरक दोनच: तो पहाटेच्या आत परत आला आणि त्याने वाढीव कामाचं बिल लावलं नाही.

उरणचा द्रोणागिरी त्याच डोंगराचा तुकडा आहे की नाही, हा या मार्गदर्शिकेचा विषय नाही. विषय आहे तो त्या डोंगराच्या नावाने सिडकोने वसवलेला नोड. १९८९ मध्ये शेजारी न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि पुढे इथे कंटेनर फ्रेट स्टेशनं, रिकाम्या कंटेनरची यार्डं आणि गोदामं उभी राहिली. जहाजातून उतरलेला कंटेनर यार्डात येतो, सील पाहिलं जातं, कस्टम्सची तपासणी होते, ड्युटी भरली की माल सुटतो. तोवर जागेचं भाडं चढत राहतं. भाडं आलं की नोंद आली आणि नोंद आली की भांडण आलं. म्हणून यार्डाच्या मालकाला एक ना एक दिवस साक्षात्कार होतो, की गेट, यार्ड, बिलं, हिशेब, पगार सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ई-आर-पीमध्ये, असावं. त्या दिवशी यार्डात एक रोगी दाखल होतो. त्याची तब्येत कशी आहे यावर दर सोमवारी मीटिंग होते. मीटिंग एसीत होते आणि रोगी गेटवर असतो, एवढीच अडचण.

साहित्य

हेल्मेट, चमकणारं जाकीट, बंद बूट, चार कटिंगपुरते पैसे आणि एक साधं मनगटी घड्याळ. लॅपटॉप घेऊ नये. लॅपटॉप दिसला की माणसं साहेबांशी बोलतात तसं बोलू लागतात. तपासणीची वेळ रात्री दोन ते चार. दिवसा सगळेच प्रकल्प बरे दिसतात.

नेरूळ किंवा बेलापूरहून उरणची लोकल धरा आणि द्रोणागिरीला उतरा. रात्री दोनला लोकल नसते, म्हणून संध्याकाळीच या आणि जेवून घ्या. गाडीत एक उजळणी करा: या मार्गाचा पहिला टप्पा खारकोपरपर्यंत नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाला आणि पुढचा उरणपर्यंतचा जानेवारी २०२४ मध्ये. तपासणीत कुणी ‘ते फेज टूमध्ये घेऊ’ म्हणालं, तर हा हिशेब मनात असू द्या. इथे फेज टू खरोखर आली, हेही लक्षात ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये तेवढीही खात्री नसते.

पायरी १: अहवाल वाचा आणि घडी घालून खिशात ठेवा

अहवालात तीन रंग असतात. हिरवा म्हणजे सगळं ठीक आहे, निदान बिल पास होईपर्यंत. पिवळा म्हणजे साहेबांना सांगायचं आहे, पण आज नको. लाल म्हणजे आधीचा प्रोजेक्ट मॅनेजर सोडून गेला आहे आणि नवा त्याच्या काळातलं सगळं उघड करतो आहे. दोन महिन्यांत त्याचाही हिरवा होतो.

रंगाशेजारी टक्के असतात. ते लवकर वाढतात आणि ऐंशी ते नव्वदच्या दरम्यान मुक्काम टाकतात. समजा, आकडा साडेसत्त्याऐंशी आहे. म्हणजे राहिले साडेबारा टक्के. हा आकडा कन्सल्टंटने पुण्यात किंवा बंगळुरूत बेलाशक उच्चारावा, उरणमध्ये नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्यानंतर सुरू झालं वाट पाहणं, आणि कित्येक घरांत ते पुढच्या पिढीकडे गेलं. गेटवरच्या पोराला ‘आता फक्त साडेबारा टक्के राहिलेत’ असं सांगितलंत तर तो काही बोलणार नाही. त्या आकड्याचा अर्थ त्याला तुमच्याहून चांगला कळतो.

‘या सॉफ्टवेअरने आम्ही प्रकल्पग्रस्त झालो’ हा विनोदही टाळा. इथे तो शब्द दाखल्यावर असतो.

पायरी २: वही शोधा

आता गेटवर या. टेबलावर संगणक असेल. संगणकाकडे पाहू नका, वही शोधा. लांबट, जाड पुठ्ठ्याची, रेघा मारून रकाने पाडलेली. ती नाही असं सगळे सांगतील. ती असते.

ती सापडली कुठे यावरून पहिलं निदान होतं. वही टेबलावर उघडी असेल, तर सॉफ्टवेअर अजून आलेलंच नाही. आला आहे तो फक्त संगणक. वही ड्रॉवरमध्ये असेल, तर सॉफ्टवेअर साहेबांसाठी भरलं जातं आणि वही कामासाठी. वही मॉनिटरखाली उंची द्यायला ठेवली असेल आणि वर धूळ बसली असेल, तर अभिनंदन करा. असा प्रकल्प क्वचित दिसतो.

पहिल्या दोन प्रकारांत घाईने निषेध नोंदवू नका. चहा सांगा आणि वहीची शेवटची दहा पानं वाचा. ‘सील वाकडं, ड्रायव्हर म्हणतो बंदरातूनच तसं.’ ‘गाडी बदलली, जुनी नाक्यावर बंद पडली.’ ‘पार्टीचा फोन आला, साहेबांना विचारून सोडला.’ यांतल्या एकाही नोंदीला सॉफ्टवेअरमध्ये रकाना नाही. रिक्वायरमेंटचा तीनशे पानी दस्तऐवज हेड ऑफिसात सही होऊन पडला आहे. त्यात जे राहून गेलं, ते या दहा पानांत आहे. ते लिहिणारा माणूस रात्रपाळीला असल्यामुळे दुपारच्या वर्कशॉपला झोपला होता.

मग घड्याळ काढा. एक ट्रेलर आत घ्यायला संगणकावर किती वेळ लागतो ते मोजा. दुसरं परिमाण मागच्या ट्रेलरचा हॉर्न. हॉर्नच्या आत नोंद झाली तर प्रकृती उत्तम. दुसऱ्या हॉर्नला झाली तर औषध हवं. तिसऱ्या हॉर्नला क्लार्क ड्रॉवर उघडतो.

पायरी ३: कंटेनरचा नंबर मुद्दाम चुकवा

प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा शोभेचा नाही. आधीच्या अक्षरांना आणि आकड्यांना ठरावीक किमती देऊन, त्यांना जागेप्रमाणे एक, दोन, चार, आठ असं दुप्पट वाढत जाणाऱ्या संख्यांनी गुणून, बेरजेला अकराने भागलं की तो बाकी उरतो. उदाहरणार्थ सीएसक्यूयू ३०५४३८ या क्रमांकाला शेवटचा आकडा ३ येतो. झोपेत ३०४५३८ टाइप झालं तर तोच ३ चालत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. जगभरची बंदरं यावर चालतात.

तुम्ही चुकीचा नंबर टाका. सॉफ्टवेअरने अडवलं तर पुढच्या पायरीवर जा. मुकाट्याने घेतला, तर विचारा, की तपासणी बंद कुणी केली. उत्तर येईल, ‘टेम्पररी.’ डेटा भरायच्या वेळी जुन्या एक्सेलमधले नंबर चुकीचे निघाले, ते दुरुस्त करायला वेळ नव्हता, म्हणून दारवानालाच सुट्टी दिली. ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर खिडकीतून टाकण्यासारखं हे आहे. सहा महिन्यांनी एकच कंटेनर यार्डात दोन ठिकाणी उभा दिसेल आणि दोन्ही ठिकाणचं भाडं चढत असेल.

पायरी ४: ‘आमच्याकडे हे असंच चालतं’ किती वेळा ऐकू येतं ते मोजा

भाडं मोफत दिवस संपल्यावर लागतं. मोफत दिवस कधीपासून मोजायचे? गेटमधून आत आल्यापासून, की दुसऱ्या दिवसापासून? रविवार धरायचा का? सॉफ्टवेअरला याचं उत्तर एकदाच हवं असतं. यार्डाकडे उत्तर पार्टीनुसार असतं. जुन्या गिऱ्हाईकाला दोन दिवस जास्त, शेठच्या गावच्या माणसाला तीन, आणि जो भांडेल त्याला भांडण संपेपर्यंत. हे सगळे नियम सॉफ्टवेअरमध्ये बसवून द्या असं सांगितलं, की कन्सल्टंट आनंदाने मान डोलावतो. त्याच्या मुलीचं लग्न त्याच पैशांत होणार असतं.

हे दुखणं फक्त आपलंच नाही. लिडल या जर्मन किराणा साखळीने २०११ पासून सात वर्षं एसएपीवर आधारलेली नवी प्रणाली बसवण्यात घालवली आणि २०१८ मध्ये तो नाद सोडला. खर्च सुमारे ५० कोटी युरो झाल्याचं तेव्हा छापून आलं. त्यामागे एक साधी सवय होती. लिडल मालसाठ्याची किंमत खरेदीच्या दराने धरत असे, सॉफ्टवेअर विक्रीच्या दराने. सवय बदलायची नव्हती, म्हणून सॉफ्टवेअर वाकवत नेलं. जर्मन माणसाचं हे झालं, तर शेठच्या गावच्या माणसाचं काय घेऊन बसलात.

मोजमाप असं: तासाभरात हे वाक्य पाचपर्यंत आलं तर नेहमीचं. दहाच्या वर गेलं, तर यार्ड सॉफ्टवेअर विकत घेत नसून आपल्याच सवयींची महागडी प्रत काढून घेतो आहे, असं लिहा.

पायरी ५: मुहूर्त विचारा

गो-लाइव्हची तारीख कशी ठरली ते विचारा. ‘चाचण्या संपल्या म्हणून’ हे उत्तर आलं, तर पुन्हा विचारा. ऐकण्यात चूक झाली असेल. बहुतेक ठिकाणी दसरा असतो. सर्व्हरला झेंडूची माळ, रीच स्टॅकरला झेंडूची माळ, मालकीणबाईंच्या हातून पहिली नोंद, पेढे. ती पहिली नोंद दुसऱ्या दिवशी डिलीट करावी लागते, कारण त्या नंबरचा कंटेनर अस्तित्वातच नसतो.

सगळं एकदम सुरू केलं की काय होतं, तेही पाहा. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. प्रणाली नवी, प्राध्यापकांचा हात बसलेला नाही, वेळ मोजका. निकाल महिनोन्‌महिने रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावं लागलं. पडद्यावर तपासण्याची पद्धत विद्यापीठाने पुढेही चालू ठेवली. म्हणजे दोष औषधात नव्हता, मात्रेत होता.

म्हणून एवढंच तपासा: सगळी गेटं एकाच दिवशी सुरू होणार, की आधी एक? आणि ते एक रात्रपाळीत चालवून पाहिलं का? ज्या चाचणीत ट्रेलर नव्हते, पाऊस नव्हता आणि कुणी शिवी दिली नाही, ती चाचणी धरू नये.

पायरी ६: लाइट गेली तर काय, ते पाहा

उरणमध्ये या पायरीसाठी वेगळी तयारी करावी लागत नाही. पावसाळ्यात दोन तास थांबलात तरी पुरे.

२७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस जगभर पसरला आणि मर्स्क समूहाच्या यंत्रणा कोलमडल्या. आपल्या शेजारच्या बंदरातलं त्यांचं जीटीआय टर्मिनलही अडकलं, कंटेनर तुंबले. पुढे मर्स्कने दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. पण त्यासाठी लागणारी, नेटवर्कची ओळखपाळख ठेवणारी यंत्रं जगभर पुसली गेली होती. एकच शाबूत सापडलं, घानामध्ये. कारण हल्ला झाला तेव्हा तिथली लाइट गेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला भारनियमनाने वाचवल्याचं वाचून कोकणातल्या माणसाला जो आनंद होतो, तो त्याने अहवालात लिहू नये.

लिहायचं ते हे: लाइट गेल्यावर क्लार्क गोंधळून उभा राहिला, की शांतपणे कागद पुढे ओढून नोंद करू लागला आणि लाइट आल्यावर ती नोंद संगणकात चढली? दुसरं झालं, तर प्रकल्पात जीव आहे. पायरी २ मध्ये आपण ज्या वहीवर संशय घेतला, ती इथे उपयोगी पडते. सॉफ्टवेअरला घाबरून लपवलेली वही हे दुखणं आहे. सॉफ्टवेअर बंद पडेल हे धरून, सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवलेली तीच वही हा इलाज आहे.

निदान

लोक सॉफ्टवेअरची स्तुती करत असतील, तर ते वापरत नाहीत. मोघम शिव्या देत असतील, तर नुकतंच वापरू लागले आहेत. ‘तिसऱ्या स्क्रीनवर सीलचा नंबर दुसऱ्यांदा का मागतो?’ अशी नेमकी तक्रार करत असतील, तर प्रकृती सुधारते आहे. आणि ती तक्रार केल्यावर पंधरवड्यात स्क्रीन बदलली असेल, तर रोग्याला घरी सोडायला हरकत नाही.

आपल्या गोष्टीत औषधी ठाऊक असलेला माणूस एकच होता, सुषेण वैद्य. तो डोंगरावर गेला नाही आणि जो गेला त्याला झाड ओळखता आलं नाही. द्रोणागिरीतला सुषेण रात्री गेटवर बसतो, त्याच्या पगारपत्रकावर ‘गेट क्लार्क’ असं लिहिलेलं असतं. पुढच्या वर्कशॉपला त्याला बोलवा, आणि त्या दिवशी त्याची रात्रपाळी लावू नका. प्रकल्प वाचवायला एवढं पुरेल का, ते सांगता येत नाही. पण अख्खा डोंगर आणावा लागणार नाही.

तपासणी संपली. चहाचे पैसे द्या. वही होती तशी ड्रॉवरमध्ये ठेवा. पहाटे पाचची गाडी यायची आहे.